उठू नका, सवय मोडेल

तो मोबाईल आधी पालथा ठेव. डोळ्यात उजेड नको. हं. आता ऐका.

थंडीतला मंगळवार होता. अमावास्या दुसऱ्या दिवशी. मास्तरकडे माझी पँट टाकली होती, चेन बदलायला. ती आणायला संध्याकाळी गेलो. एवढंच काम होतं.

मास्तर म्हणजे शिंपी. माझ्या कुलपाच्या दुकानासमोर त्याचं दुकान. पुढे दुकान, मागे राहायची खोली, मधे लाकडी फळ्यांचं पार्टिशन. पुढे तो मशीन चालवायचा. आत वहिनी, त्याची बायको, काजं-बटणं करायची. मशीनच्या खडखडाटात हाक ऐकू जात नाही, म्हणून तिने एक रीत पाडली होती. सुई टोचू नये म्हणून बोटात पितळी टोपण घालतात, अंगुस्तान. त्याने ती फळीवर ठोकायची. एक टकटक, दोरा हवाय. दोन, जेवायला चल. तीन म्हणजे हातातलं टाक आणि ये. तीन तिने उगाच कधी ठोकल्या नाहीत. तिला दमा होता.

"आजोबा, भूत कधी येणार?"

घाई असेल तर घरी जा. दार उघडं आहे.

तर वहिनी त्याआधीच पावसाळ्यात गेली होती. दम्याने. मास्तर सगळ्यांना सांगायचा, "कानात ते बोंडूक घालून मालिका बघत होतो हो. ऐकू आलं नाही." लोक म्हणायचे, नशीब. मीही तेच म्हणालो.

त्या मंगळवारी पँट तयार होती. घडी घालून समोर ठेवलेली. पण मास्तर ती देईना. हात पँटवर, डोळे मोबाईलवर.

"बस ना जरा," म्हणाला.

बारा महिने तेरा काळ "उद्या या, परवा या" करणारा माणूस. तो मला बस म्हणतोय. मी बसलो.

मग त्याने मोबाईल दाखवला. त्यात एक टोळकं होतं. नाव 'घरोघरी'. रात्रीची मालिका सुरू झाली की हे सगळे आपापल्या घरात बसून एकमेकांना लिहायचे. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. खरी नावंही नाहीत. एक बाई 'चिडकी सून'. एक बुवा 'नळवाले', कारण त्यांचा नळ गळायचा आणि ते रोज त्याचं रडगाणं गायचे. मास्तर 'सुईदोरा'. मालिकेतल्या आत्याबाईने आज कुणाचं दूध नासवलं इथपासून सुरुवात. मग घरची गाऱ्हाणी. ओला टॉवेल गादीवर कोण टाकतं. झाकण उघडं कोण ठेवतं. घोरतं कोण.

"यात तू काय लिहायचास?" मी विचारलं.

तो पँटची घडी परत घालायला लागला.

"मास्तर, काय लिहायचास?"

"हिची टकटक," तो म्हणाला. "मालिका ऐन रंगात आली की हिची टकटक. सगळे हसायचे. नळवाले म्हणाले, उठू नका. एकदा उठला नाहीत की सवय मोडेल. सगळ्यांनी वर केलेले अंगठे पाठवले. मलाही वाटलं, बघू तरी."

"मग?"

"त्या रात्री तीन ठोकल्या. परत तीन. परत..."

"तू म्हणालास, ऐकू आलं नाही."

"आलं होतं."

दम्याचा पंप कुठे होता, तेही त्यानेच सांगितलं. मशीनच्या पाटावर. मोबाईल उभा करायला टेकू नव्हता, म्हणून वहिनीच्या उशाकडून पंप उचलून आणला होता. मोबाईल त्यालाच टेकवून बघत होता. टकटक थांबली तेव्हा याने टोळक्यात लिहिलं, "थांबली एकदाची. आता नीट बघतो." सगळ्यांनी हसरी तोंडं पाठवली.

 

"आता त्यात एक नवी आलीय," तो म्हणाला. "नाव लावलंय, 'आतली'. कुणी आणली, कुणाला माहीत नाही. काढून टाकली तरी परत दिसते. नवऱ्याची गाऱ्हाणी सांगते. नवरा सुया तोंडात धरून बोलतो. चहा पिऊन कप मशीनखाली सारतो. आधी मीही हसलो रे. मग खाली वाकून बघितलं. कप तिथेच होता."

"असेल कुणीतरी गल्लीतलं. मस्करी करत असेल."

तेवढ्यात मोबाईल वाजला. मास्तरने तो माझ्याकडे सरकवला. मला सावकाश वाचता येतं. सावकाश वाचलं.

'आमच्या ह्यांना आज सोबत हवीय. पँट कधीची शिवून झालीय, पण माणसाला सोडत नाहीत.'

खाली चिडक्या सुनेने हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं तोंड टाकलं होतं.

मी मागे बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग पार्टिशनकडे बघितलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. आत अंधार.

"चल माझ्याकडे झोपायला," मी म्हणालो.

मास्तरने मान हलवली. "आज शेवटचा भाग आहे."

"जळली ती मालिका!"

"तसं नाही. मालिका चालू असताना ती लिहिते. आज एकदा विचारतो, तुला काय पाहिजे. आणि यावेळी टकटक झाली तर मी उठणार आहे."

मी पँट घेतली. त्याने आतून शटर ओढलं. कुलूप लावल्याचा आवाज मी कानांनी ऐकला. कुलूप माझ्याच दुकानातलं.

रात्री अकरा वाजून गेले असतील. वरच्या मजल्यावरची काकू माझं दार बडवत आली. पदर धड नाही, पायात चप्पल नाही. मास्तरच्या डोक्यावरच तिची खोली.

"भाऊजी, खाली टकटक चाललीय हो. मघापासून. तीन... मग परत तीन. मी भांडी घासत होते. म्हटलं, वहिनी बोलावतायत मास्तरना. रोजचंच. आणि मग एकदम आठवलं..."



मी अवजारांची पिशवी घेतली आणि धावलो. शटरला कान लावला. मशीन बंद. टीव्ही नाही, काही नाही. मग ऐकू आली.

टक. टक. टक.

हळू. दमलेली.

"मास्तर!"

टक... टक...

तिसरी आली नाही.

कुलूप आतल्या बाजूला. फटीतून तार घालून ते काढायला माझ्यासारख्यालाही वेळ लागला. शटर वर केलं. दुकानात दिवा जळत होता. खुर्ची रिकामी. मशीनच्या पाटावर मोबाईल उभा. मागे तोच पंप, टेकू दिलेला. आतल्या खोलीला दुकानाच्या बाजूने कडी. कडी घातलेली.

नीट समजून घ्या. शटरला आतून कुलूप. दुकानात कुणी नाही. आणि आतल्या खोलीला बाहेरून कडी.

कडी काढली.

मास्तर पार्टिशनला टेकून बसला होता. मान एका बाजूला. तोंड उघडं, मासा पाण्याबाहेर काढल्यासारखं. अंग अजून गरम. डॉक्टर नंतर म्हणाले, श्वास कोंडला. त्या माणसाला जन्मात कधी दम लागला नव्हता. चार जिने चढून गप्पा मारायचा.

काकू दारातच खाली बसली.

मोबाईल पेटलेलाच होता. मी वाचला. मी एकट्याने नाही, काकूनेही वाचला. म्हणून सांगतो.

सुईदोरा: 'आतून टकटक येतेय. तीन. मी उठतोय.'

चिडकी सून: 'अहो आत्ता? आत्याबाई पकडली जातेय! बसा खाली!'

त्यानंतर सुईदोऱ्याचं काही नाही.

मग आतली: 'आमचे हे आतून ठोकतायत. मालिका रंगात आलीय. काय करू?'

नळवाले: 'उठू नका, ताई. एकदा उठला नाहीत की सवय मोडेल.'

खाली अंगठे. पुष्कळ.

आतली: 'बरं.'

मग बराच वेळ मालिकेचंच. आत्याबाई तुरुंगात गेली, चांगलं झालं, असं सगळे म्हणत होते. आणि अगदी शेवटी...

आतली: 'थांबले एकदाचे. आता नीट बघते.'

चिडकी सून: 'बघा! सांगितलं नव्हतं?'

हसरी तोंडं. आम्ही बघत होतो तोवर येतच होती. एकामागून एक.

"आजोबा, त्या लोकांना कुणी सांगितलं का? मास्तर गेल्याचं?"

काकूने लिहिलं. दुसऱ्या दिवशी. कुणाचं उत्तर आलं नाही. नळवाल्यांनी तेवढं विचारलं, ही मस्करी आहे का. त्यानंतर 'आतली' त्यांना टोळक्याबाहेर, एकट्यांना लिहायला लागली, म्हणे. त्यांच्या नळाबद्दल. पुढचं मला माहीत नाही. माहीत नसलेलं मी सांगत नाही.

जे बघितलं ते सांगतो.

पार्टिशनच्या आतल्या बाजूला, फळीवर, नवे खळगे पडले होते. गोल, बारीक. पांढरं लाकूड दिसत होतं. एवढे खळगे नुसत्या बोटाने पडत नाहीत. म्हणून मी मास्तरचा हात उचलला.

मधल्या बोटात अंगुस्तान होतं. वहिनीचं. कडेला चेपलेलं, मी ओळखतो. पाय घसरून पडली होती तेव्हा चेपलं होतं आणि पक्कड घेऊन मीच सरळ करायला बसलो होतो. ती गेली तेव्हा ते तिच्या बोटातून निघालं नव्हतं. बोट सुजलं होतं. तसंच राहू दिलं. त्यासकट तिला स्मशानात निरोप दिला, मी तिथे उभा होतो.

बाईच्या बारीक बोटाचं टोपण. मास्तरच्या करंगळीतसुद्धा गेलं नसतं. ते त्याच्या मधल्या बोटात, पेरावरून खाली, पार आत बसलं होतं.

मी पिशवीतून कुलपाचं तेल काढलं. घातलं. फिरवलं. परत घातलं.

निघालं नाही.