जुना रिसिव्हर

"सांगतो, पण तुमच्यापैकी एकाचाही यावर विश्वास बसणार नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो," धाकटा म्हणाला.

मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली रविवारची मंडळी बसली होती. रिमोटवरची विमानं आणि हेलिकॉप्टरं उडवून झाली होती. तापलेल्या बॅटऱ्या गार व्हायला बाकावर मांडून ठेवल्या होत्या.

"विश्वास?" त्यांच्यातला रंगारी म्हणाला. "मागच्या खेपेच्या गोष्टीत तुमच्या विमानाच्या पंखावर घार अंडं घालून गेली ना, आमचा विश्वास तेव्हाच वारला बिचारा."

सगळे हसले. धाकटाही हसला. मॉडेलं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा आणि थापा मारणं हा जोडधंदा. एकाची भेसळ त्याने दुसऱ्यात कधी होऊ दिली नव्हती. त्याने बसवलेला स्क्रू हवेत सुटला, असं कुणी म्हणू शकत नसे.

हसता हसता त्याची नजर मागच्या बाकाकडे गेली. तिथे वहिनी बसली होती आणि तिच्या शेजारी त्याचा भाऊ, थोरला. आजारातून उठल्यावर थोरला आज पहिल्यांदाच मैदानावर आला होता. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर समोर.

"तुझ्याच दुखण्याची गोष्ट आहे रे दादा. सांगू ना?"

थोरल्याने मान हलवली. थोडी. मग आणखी थोडी. मग पूर्ण.

धाकट्याने घसा खाकरला आणि सुरुवात केली.

थोरला पडला तो याच मैदानावर. त्याचं हेलिकॉप्टर पार झाडांच्या वर होतं. हातातला रिमोट न सोडता तो आधी गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला, आणि वरून हेलिकॉप्टर दगडासारखं खाली आलं. मेंदूत रक्त साकळलंय, असं डॉक्टर म्हणाले. करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं आणि मग म्हणाले, घरी न्या, वाट बघा. वहिनीने पलंग पुढच्या खोलीत, खिडकीपाशी आणवला. हेलिकॉप्टरचे तुकडे धाकट्याने पोत्यात भरले आणि रस्त्यापलीकडच्या आपल्या दुकानात नेऊन टाकले.

"ते नीट करून ठेवा, भावजी," वहिनी म्हणाली. "शुद्धीवर आले की आधी तेच मागतील. माझी चौकशी नंतर."

धाकट्यालाही हाताला काम हवंच होतं. नुसतं पलंगाशी बसून राहणं त्याला जमत नव्हतं. त्याने टेबल झाडलं, भिंग लावलं आणि शेपटीपासून सुरुवात केली. शेपटीची नळी मधोमध वाकली होती. ती काढून नवी घातली. प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना निळं औषध लावलं. ते सुकून घट्ट होतं, मग कितीही थरथर झाली तरी स्क्रू ढिला पडत नाही. शेवटचा स्क्रू आवळला, तेवढ्यात वहिनी एकाच पायात चप्पल घालून रस्ता ओलांडत आली.

"पाय हलवला यांनी! दोन्ही!"

धाकट्याने तिच्या पायाकडे बघितलं. "दादाने पाय दोन्ही हलवले, तुम्ही चप्पल एकच घातलीत," तो म्हणाला, आणि दोघंही हसता हसता रडली.

मग त्याने मुख्य दांड्याची बेअरिंगं बदलली. वाळू गेल्यासारखी ती करकरत होती. त्याच संध्याकाळी थोरल्याच्या घशातली घरघर थांबली. योगायोग, धाकटा मनाशी म्हणाला. असल्या योगायोगांना त्याची ना नव्हती.

मग आला शेपटीचा सर्वो. सर्वो म्हणजे आगपेटीएवढी मोटर. शेपटीवरचा सर्वो हेलिकॉप्टरचं तोंड डावी-उजवीकडे वळवतो. नवा सर्वो पुष्कळदा उलट दिशेने फिरतो. तेव्हा रिमोटमध्ये त्याची दिशा पालटून घ्यावी लागते. ही गोष्ट नवशिक्यालाही ठाऊक असते, आणि घाईत कसलेला माणूसही ती विसरतो. धाकटा विसरला. हात पुसत तो चहाला पलीकडे, थोरल्याच्या घरी गेला.

वहिनी पलंगाच्या उजव्या बाजूला उभी होती. "अहो," तिने हाक मारली.

थोरल्याचे डोळे उघडले. मान हलली आणि डावीकडे, भिंतीकडे वळली.

वहिनी धावत डावीकडे गेली. "अहो, इकडे. मी इकडे आहे."

मान उजवीकडे वळली.

"ऐकायला उलटं येतंय की काय यांना?" वहिनी घाबरून म्हणाली.

धाकट्याने कप तसाच खाली ठेवला. तो दुकानात गेला. रिमोटमध्ये सर्वोची दिशा पालटली, आणखी कशालाही हात लावला नाही, आणि परत आला.

"आता मारा हाक."

वहिनीने हाक मारली. थोरला सरळ तिच्याकडे वळला.

ती आनंदाने पदर तोंडाशी धरून उभी राहिली. धाकटा मात्र खिडकीतून पलीकडे आपल्या दुकानाकडे बघत होता.

तेव्हापासून तो दुकानातून उठेना. पात्यांच्या पकडी, जोडदांड्या, गिअर, मोटर, दिसेल ते जुनं काढायचं आणि नवं घालायचं. पलीकडे थोरल्याची बोटं मिटू लागली, उघडू लागली. पाणी गिळता येऊ लागलं. बघायला येणारे म्हणायचे, वहिनीचं नशीब थोर. धाकटा मान डोलवायचा.

एका दुपारी वहिनीने त्याला बोलावून घेतलं. ओल्या फडक्याने ती नवऱ्याचा हात पुसत होती.

"भावजी, यांचा अंगठा बघा."

लहानपणी धाकट्याच्या हातून तापलेली सोल्डरिंगची सळई थोरल्याच्या अंगठ्याला लागली होती. तिचा पांढरा डाग जन्माचा राहिला होता. आता तिथे काही नव्हतं. कातडी नवी, गुळगुळीत. भुवईतला जुन्या खोकेचा व्रण नव्हता. कानामागचा तीळ नव्हता.

"माणूस बरा झाला म्हणून तीळ जातो का हो?" वहिनीने विचारलं.

धाकट्याने तो अंगठा उलटसुलट करून बघितला.

"काल हसले माझ्याकडे बघून. पण आधी ओठ हलले. मग गाल. मग थोड्या वेळाने डोळे."

तेव्हा धाकट्याने तिला सगळं सांगितलं. ती हसेल, वेड्यात काढेल, असं त्याला वाटलं होतं. तिने फक्त एकच विचारलं.

"जुनं असं काय उरलंय त्यात?"

"रिसिव्हर. रिमोटचं ऐकते ती चकती. तेवढी पहिल्यापासूनची आहे. पण तडकलीय. मधूनच तिचा दिवा जातो."

"दिवा जातो तेव्हा काय होतं?"

तेवढ्यात थोरल्याचा श्वास थांबला. दोघंही त्याच्या छातीकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने छाती पुन्हा वर आली.

वहिनीने फडकं पिळलं आणि खिडकीच्या गजावर नीट पसरलं.

"त्याला हात लावू नका," ती म्हणाली. "श्वास थांबायचा असेल तर थांबू दे. पण या पलंगावर असेल तो माझा नवरा असू दे. दुसरं कुणी माझ्या घरात नको. शब्द द्या."

धाकट्याने शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात एकटाच होता. हेलिकॉप्टर टेबलावर पुरं उभं होतं. आत चकतीचा दिवा थरथरत होता.

दिवा गेला.

आला.

पुन्हा गेला. पलीकडून वहिनीची किंकाळी ऐकू आली.

दिवा येईना.

धाकटा इथे थांबला. शेडखालची मंडळी पुढे सरकली.

"अहो, मग?" रंगारी म्हणाला.

"मग काय!" धाकट्याने मांडीवर थाप मारली. "त्याच रिसिव्हरची तार खरवडली, बारीक टाका मारला, फुंकर घातली. लागला दिवा! आणि तिकडे आमचा दादा उठून बसला. आज समोर बसलाय तो जुन्या रिसिव्हरवर. शब्द म्हणजे शब्द."

वहिनीने डोळे पुसले. तिने नवऱ्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"घारीच्या अंड्यापेक्षा ही बरी जमली," रंगारी म्हणाला.

"खोटं आहे."

आवाज मागच्या बाकावरून आला होता. सगळे वळले.

"नवा बसवलास तू," थोरला म्हणाला. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

धाकटा अर्धवट उठला. "तुला काय माहीत, दादा? तू पलंगावर होतास. दुकानात माझ्याशिवाय कुणी नव्हतं."

वहिनीने आपला हात हळूच काढून घेतला.

"पलंगावर नव्हतो," थोरला म्हणाला. "टेबलावर होतो. तूच तर माझ्यावर वाकून म्हणालास, वहिनीला सांगू नकोस."