गवा क्रमांक बारा

गवा क्रमांक बारा ताशी नव्वद किलोमीटर वेगाने करंजघाट चढत होता.

नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर तो हिरवा ठिपका पाहून अभियंता रियाज मुजावर पहिल्या आठवड्यात हसला होता. आता त्याला हसू येत नव्हतं. रोज सकाळी साडेदहाला हाच ठिपका धावायचा आणि घाटातल्या सगळ्या स्वयंचल मोटारी आज्ञाधारकपणे कडेला उभ्या राहायच्या.

"मॅडम, आपला गवा निघाला ऑफिसला," तो म्हणाला.

प्राणिशास्त्रज्ञ डॉ. इंदुमती शिंत्रे यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "गवा नाही, मादी आहे ती. तिला चार महिन्यांचं वासरू आहे. आणि गेले दोन महिने ती पट्ट्याशिवाय फिरतेय."

नाडीपट्टा हा बाईंचाच शोध. घाटातल्या धुक्यात टनभर वजनाचा काळा गवा मोटारीच्या कृत्रिम डोळ्यांना दिसत नसे. मग मोटारही जाई, माणसंही जात आणि गवाही. म्हणून गव्याच्या मानेला पट्टा बांधायचा. पट्टा जिवंत कातडीला टेकून नाडी मोजतो आणि तसा संदेश सोडतो. नाडी चालू असेपर्यंत चारशे मीटरच्या आत एकही स्वयंचल मोटार शिरत नाही. पट्टा गळून पडला किंवा जनावर मेलं, की मिनिटभरात रस्ता खुला. पोलादी तारेची वीण असल्यामुळे पट्टा तुटत नाही, फक्त चावीने उघडतो.

उन्हाळ्यात बारा क्रमांकाचा पट्टा दुरुस्तीला काढला, तेव्हा घाटमार्ग मंडळाचे अध्यक्ष जयसिंगराव इंगवले यांनी तो 'तपासणीसाठी' मागवून घेतला. सोबत एक चावीही. गव्याची मान आणि अध्यक्षांचं पोट यांचा घेर सारखाच निघाला, हे बहुधा तपासणीतच लक्षात आलं असावं. लाल दिवा गेला, भोंगा गेला, आता लोक आपल्याला वाट कशी देणार, या चिंतेने हा मनुष्य झुरत होता. मोठेपणासाठी जनावर व्हावं लागलं तरी त्याची हरकत नव्हती. सदऱ्याखाली पट्टा आवळून तो स्वतः जुनी हातचलित जीप हाकत कचेरीत जाई. हातचलित गाडी पट्ट्याला जुमानत नाही. बाकीचं जग थांबे.

"इथून बंद कर ना तो पट्टा," बाई म्हणाल्या.

"करता येत होता. मी परवानगीचा कागद पाठवला, तर साहेबांनी ती सोयच काढून टाकायला लावली. 'मुक्या प्राण्यांचं संरक्षण माणसाच्या मर्जीवर नको,' असा शेरा आहे त्यांचा."

"वा! किती कळवळा!"

बाईंनी तीन पत्रं लिहिली होती. त्या मादीला दुसरा पट्टाही देता येत नव्हता, कारण नोंदीप्रमाणे तिच्या मानेला पट्टा होताच.

हिरवा ठिपका सातव्या वळणावर एकदम थांबला. नाडी एकशे तीस. दोन मिनिटांनी कक्षातला फोन वाजला.

"इंगवले बोलतोय." आवाज खरखरत होता. "गवा आडवा आला ओ धुक्यात. रस्ता मोकळा हुता म्हून मी जोरात हुतो. जीप पार चेपलीया, पाय अडकल्यात. लई रगत चाललंय. गाडी पाठवा."

"पाठवली, साहेब," रियाज म्हणाला. दवाखान्याची स्वयंचल रुग्णवाहिका निघालीच होती. यंत्रहातांनी पत्रा कापून माणूस बाहेर काढणारी, आत एकही माणूस नसलेली. पडद्यावर ती झपाट्याने पुढे आली आणि सातव्या वळणाच्या अलीकडे चारशे मीटरवर थांबली.

"का थांबली ती? तिचा भोंगा ऐकू येतुया मला!"

"साहेब, तिच्यापुढे गवा आहे," बाई म्हणाल्या.

"अवो, गवा मेलाय म्याडम! हितं म्होरं पडलाय. वासरू हुबं हाय नुसतं त्येच्यापशी."

"तो नव्हे. बारा नंबर. जिवंत आहे, नाडी चालू आहे."

इंगवले रडायला लागले. "चावी घरी ऱ्हायली ओ... पट्टा निघंना... बंद करा ना तिथनं!"

"ती सोय तुम्हीच बंद केलीत," रियाज म्हणाला. त्याला हे म्हणताना बरं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

बाई चावी घेऊन निघाल्यासुद्धा. त्या मादीला मारणाऱ्या माणसाची त्यांना किळस येत होती, पण म्हणून त्याला मरू द्यायचं हे त्यांच्याने होणार नव्हतं. त्यांच्या मोटारीने त्यांना वळणाखाली नेलं आणि रुग्णवाहिकेच्या मागे नेऊन उभं केलं. पुढे चारशे मीटर चढ. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या, गुडघे दुखरे. चावी मुठीत धरून त्या धुक्यातून धावत सुटल्या. शंभर मीटर. दोनशे. छातीत कळ आली तरी थांबल्या नाहीत. खिशातल्या फोनवर रियाज पडद्यावरची नाडी सांगत होता. "नव्वद... साठ... मॅडम, लवकर... चाळीस..." मग तो गप्प झाला.

पाठीमागून उजेड आला.

"कृपया बाजूला व्हा," असं मंजुळ आवाजात सांगत रुग्णवाहिका त्यांच्या शेजारून सुसाट वर गेली.

बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. आता धावण्यात अर्थ नव्हता. कडेला थांबलेल्या मोटारी एकामागून एक निघाल्या. आतले लोक घड्याळं बघत होते.

"मॅडम," रियाज हळूच म्हणाला, "पडद्यावर नोंद आलीय. 'गवा क्रमांक बारा मृत. मार्ग मोकळा.'"

दोन महिन्यांत त्या मादीविषयीची ही पहिली खरी नोंद होती. बाई वासराकडे चालू लागल्या.