पाण्याखालचा अंगठा

पहिल्याच दिवशी त्यानं तिला अंगठा दाखवला. वाक्प्रचारातला नव्हे हो, खराखुरा! पण नुकसान तेवढंच झालं.

त्याचं असं झालं... तिची नेहमीची जोडीदारीण सर्दीनं अंथरुणाला खिळली, आणि सरांनी पर्यावरण मूल्यांकनाच्या वर्गातला, नुकताच टाकी लावून पाण्याखाली उतरायला शिकलेला एक उंच मुलगा तिच्या गळ्यात मारला. तिला विद्यापीठात सगळे 'प्रवाळबाई' म्हणत. खाडीच्या तोंडाशी नवा धक्का बांधायचं घाटत होतं, आणि तिथं तळाशी जिवंत प्रवाळ किती, हे तिच्या अहवालात यायचं होतं. शेवटचा एकच पट्टा मोजायचा राहिला होता. तो राहिला तर अहवाल अर्धवट, आणि धक्का खुशाल प्रवाळाच्या उरावर. एकट्यानं उतरायचं नाही, हा सरांचा दंडक.

खाली निळ्या उजेडात फीत ताणून ती मोजत होती. कपारीतून एक इवलासा पिवळा मासा डोकावला. तिनं वळून बोटांचा गोल केला, म्हणजे 'ठीक ना?' काचेआड त्याचे डोळे हसले... आणि त्यानं झोकात अंगठा वर केला.

पाण्याखाली त्याचा अर्थ एकच: 'वर चला.' जोडीदारानं तसं सांगितलं की का म्हणून विचारायचं नाही. ती चरफडत वर आली.

"काय झालं? हवा संपली? कान दुखला?"

"नाही... काहीच नाही."

"मग अंगठा कशाला दाखवलात?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही विचारलंत ना, ठीक का म्हणून... तेव्हा नुसतं ठीक नव्हतं हो. फार छान होतं. त्याची खूण आम्हाला शिकवलीच नाही!"

तिला हसू फुटलं. ते तिनं गिळलं, घोटभर खाऱ्या पाण्यासकट.

होडीवर सर तापलेच. "आज पुन्हा उतरायचं नाही. परवा अहवाल द्यायचाय, म्हणजे उद्या शेवटची संधी. उद्या आपला वरच्या वर्गातला सीनिअरही मोकळा आहे. तो हवा की हा, तूच ठरव."

सीनिअरनं पट्टा डोळे मिटूनही बिनचूक मोजला असता. तरी तिच्या ओठांवर 'हाच' आलं, आणि तिला स्वतःचीच कमाल वाटली.

तेवढ्यात तोच म्हणाला, "सर, सीनिअरलाच पाठवा. मी वर थांबतो, टाक्या भरतो. माझ्या हौसेपायी प्रवाळ जायला नको."

अशा माणसावर रागवायचं तरी कसं? ती तिथंच, ओल्या केसांनी, त्याच्या प्रेमात पडली.

दुसऱ्या दिवशी सीनिअरबरोबर पट्टा पुरा झाला. ती होडीच्या शिडीशी आली, तर हात पुढे करून तो उभाच.

"किती?"

"निम्म्याहून जास्त जिवंत!"

त्यानं अशी उडी मारली की होडी डुलली आणि सर ओरडले. मग तिची टाकी उतरवून घेता घेता तो म्हणाला,

"म्हणजे... काम संपलं तुमचं. आता जोडीदार लागणार नाही."

"लागणार ना."

"पण पाण्यात तर सीनिअर आहे..."

"पाण्याबाहेर नाही ना. सगळं फोड करूनच सांगायचं का रे तुला?"

"तुला? म्हणजे... मला?"

"नाही, सरांना!"

सरांनी घाईघाईनं इंजिनात डोकं घातलं.

"अगं, पण..." एवढंच त्याला सुचलं. त्या 'अगं'वर ती भलतीच खूश झाली, आणि किनारा येईपर्यंत तिनं त्याचा हात काही सोडला नाही.