हनुवटीवरचे तीन ठिपके

फौजदार क्लारीस बूसूगू पोचल्या तेव्हा गावकरी पेटत्या मशाली घेऊन देवळासमोर उभे होते. देऊळ जाळायचंच होतं त्यांना. आत विल्फ्रीड दितेंगू मरून पडला होता आणि म्हातारा माबीका खांबाला टेकून बसला होता. रात्री दीक्षा देताना विल्फ्रीडला इबोगा या झुडपाचं भ्रम आणणारं मूळ त्यानंच खाऊ घातलं होतं.

"यानंच मारलं त्याला!" ओदिलों ओरडला. तो मयताच्या दिवंगत बहिणीचा नवरा, दवाखान्यात परिचारक. "घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं, हे थोतांड सोड. मी जन्मात असल्या देवळाची पायरी चढलो नाही, बाईसाहेब!"

क्लारीस मयताजवळ वाकल्या. तोंडाला दीक्षेची पांढरी माती फासलेली. हनुवटीवरची माती मात्र बाकी तोंडावरच्या मातीपेक्षा ओलसर, आणि तिच्यावर तीन लाल ठिपके.

"बाबा, मूळ किती दिलंत?"

"दरवेळी देतो तेवढंच. आधी छातीला कान लावला, नदीपर्यंत पळवून आणलं. औषधं घेतोस का, ते विचारलं. काळीज अधू असेल तर मी कुणाच्या बापालाही मूळ देत नाही. मुळानं ठोके मंदावतात. वरून काळजाचं औषध पडलं की माणूस हातचा गेलाच."

"पॅरिसात हे मूळ नुसतं बाळगलं तरी कोठडी. आपलं सरकार त्याला वारसा म्हणतं. पण माणूस मेल्यावर वारसा सांगून भागणार नाही. चूक तुमची निघाली तर उरलेलं आयुष्य तुरुंगात जाईल."

"ठाऊक आहे, पोरी."

"त्याला दीक्षा कशाला हवी होती?"

"बहिणीला भेटायला. मूळ खाल्लं की मेलेली माणसं दिसतात. ती अचानक कशी गेली, ते तिलाच विचारणार होता. गावभर सांगत सुटला होता."

"हे ठिपके तुमचे?"

"छे! आमच्या घराण्यात हनुवटी साधी पांढरी. ठिपके वरच्या खोऱ्यातली घराणी काढतात."

दीक्षितापाशी बसायला नेमलेली बाई, ऑंरिएत, डोळे पुसत म्हणाली, "मशालीची राळ संपली म्हणून उठले, बाई. बाकी सगळे अंगणात नाचत होते. परत आले तर झोपल्यासारखा पडलेला. मीच करंटी!"

दुपारी डॉक्टरांनी मयत तपासलं. पोटात हृदयविकाराच्या गोळ्यांचा चुरा होता, आणि पाणीही. दीक्षिताला पाण्याचा थेंबसुद्धा वर्ज्य असतो.

फोटो आधीच काढून झाले होते. क्लारीसनी सगळ्यांदेखत मयताचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं.

"असंच पुरा," त्या म्हणाल्या.

ओदिलोंचा चेहरा उतरला. "असंच? कोऱ्या तोंडानं? पूर्वज ओळखणार कसे त्याला?"

"माबीका कोठडीत चाललाय. कुणाला येत असेल त्यानं रंगवावं."

कुणी हललं नाही. शेवटी ओदिलोंनंच पांढऱ्या मातीनं भरलेला वाडगा ओढला. कपाळ, गाल, हनुवटी. हात सवयीनं चालत होता. मग त्यानं शेजारच्या लाल भुकटीत बोट बुडवलं. एक. दोन. तिसरा ठिपका टेकवला आणि त्याचं बोट तिथंच थांबलं.

"पायरी न चढलेल्या माणसाचं बोट बरं चालतं," क्लारीस म्हणाल्या. "वरच्या खोऱ्यात दीक्षा घेतलीस तू. ऑंरिएत उठली तेव्हा आत शिरलास. बिचारा भ्रमात होता. 'दाजी' म्हणून तुझ्या हातच्या गोळ्या गिळल्या असतील त्यानं. पाणी सांडलं, हनुवटीची माती धुतली गेली. तसंच पळून जायला हवं होतंस. पण कोऱ्या हनुवटीनं त्याला पूर्वजांकडे धाडवेना तुला. तू ती पुन्हा रंगवलीस, तुझ्या घराण्याच्या रीतीनं."

"ती त्याला सगळं सांगणार होती," ओदिलों पुटपुटला. "माझं नाव सांगणार होती."

"म्हणजे बायकोलाही तूच मारलंस."

तो खाली बसला. क्लारीसना त्याचा संताप आला, आणि कीवही. "अरे मूर्खा, स्वप्नातली साक्ष कुठलं कोर्ट घेतं? तू नुसता घरी झोपला असतास तरी तुला कुणी बोट लावू शकलं नसतं. आता तिची कबर उघडावी लागेल."

शिपायांनी ओदिलोंला उचललं. गावकऱ्यांनी अजून पेटत्या ठेवलेल्या मशाली मातीत विझवल्या.

माबीका कण्हत उठला. त्यानं ओल्या फडक्यानं ते तीन ठिपके पुसले आणि हनुवटीला नव्यानं माती लावली.

"मारणाऱ्याच्या हातचं लेणं घेऊन बहिणीपुढे कसा जाईल लेकरू?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच रडला.