कृष्णेच्या तळाचा मोर

"मोर गेला, बेटी!" रसूलचाचा फोनवर एवढंच बोलले.

सांगलीच्या घाटाखाली, कृष्णेच्या तळाशी, एक जुनी लाकडी नाव आहे. हौशी पाणबुडे ती बघायला येतात. रसूल आणि निवृत्त फौजी सयाजी तिची राखण करतात. एक बुडी मारतो, दुसरा काठावरून त्याची दोरी धरतो. नावेच्या पुढच्या टोकावरचा कोरीव मोर कुणीतरी कापून नेला होता.

फौजदार क्रांती घाटावर पोचली. या दोघांनीच तिला लहानपणी पोहायला शिकवलं होतं.

"काल शेवटी खाली कोण गेलं?"

"पुण्याची पोरं, सकाळी," सयाजी म्हणाला. "मग मी घरी गेलो. रसूल एकटाच हुता."

"मी जुम्म्याच्या नमाजाला गेलो हुतो," रसूल म्हणाले. "पुरातत्त्व खात्याचं साहेब ऐकत न्हाईत. आज माझी राखण काढून घेनार."

क्रांतीनं बुडी मारली. कापलेल्या जागेवर गोणपाट घट्ट गुंडाळलं होतं, वर वाळूच्या पिशव्या रचल्या होत्या.

 वर येऊन तिनं आधी रसूलचं घर पाहिलं. तिथं पाण्याची एक घागर. मग ती सयाजीच्या गोठ्यात गेली. हौद झाकलेला, आणि त्याची बायको चंद्राबाई म्हशीला बादलीनं पाणी पाजत होत्या.

"हौद असताना बादली कशाला, काकी?"

"पान्यात औषध टाकलंय म्हनं ह्यांनी. हात लावू नगं म्हनाले."

क्रांतीनं दोघा राखणदारांना हौदापाशी बोलावलं.

"चोर कापलेल्या लाकडाची मलमपट्टी करत नाही. उघडी जागा प्रवाहात झिजते, म्हणून ती झाकायची, ही तुम्हा दोघांचीच सवय. म्हणजे चोर पुण्याचा नाही. आणि जुनं लाकूड वाळलं की तडकतं. मोर नेणारा तो पाण्यातच ठेवणार. म्हणून मी पाणी शोधलं."

तिनं झाकण सरकवलं. पाण्याखाली मोर होता.

सयाजीची मान खाली गेली. "नाव मी हुडकली, रसूल. घाटावरच्या पाटीवर नाव तुझं एकट्याचं लागलं."

"मला म्हनला असतास, तर पाटी उपटून दिली असती, गड्या. तू मला चोर ठरीवलंस."



"खाली गेलास तवा दोरी कुनी धरली?" रसूलनी विचारलं.

"कुनी न्हाई."

रसूलनी खांद्यावरचं दोरीचं वेटोळं काढून हौदाच्या काठावर ठेवलं.

"आता हितनं फुडं बी कुनी धरनार न्हाई."