एकाच आज्याच्या दोन घागरी

तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटावरून नाव सुटता सुटता काळ्या कोटातल्या एका तरुणाने धावत येऊन उडी मारली, ती नेमकी रमिलाच्या आंब्यांच्या टोपलीत! दोन आंबे तापीत गेले, एक त्याच्या बुटाखाली.

“माफ कर... भरपाई देतो. मी नंदुरबारचा—”

“माहीत शे. हिलाल वकील!” रमिलाचे डोळे चमकले, पण रागाने. “काकानी बाजू लढीसन मन्हा बापले भर कोर्टमा खोटा पाडनारा तुमीच ना? त्यानी भरपाई कशी देशात?”

दोन भावांमधला विहिरीचा तो दावा जिंकल्याचा हिलालला भारी अभिमान होता. पण पलीकडचा काठ येईपर्यंत तो टोपलीतले आंबे पुसत बसला. रमिलाला त्याचे लाल झालेले कान तेवढे दिसले... आणि मेला, दिसायलाही बरा होता!

पितरांच्या नावाने घागर भरायची अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली असताना तो तिच्या दारात उभा राहिला. तिच्या बुधाकाकाचं वकीलपत्र त्याने परत केलं होतं. धुळ्याला अपील होऊन दोन्ही घरं कायमची तुटण्याआधी भावाभावांत समेट घडवायचा, म्हणाला. पण सवय जाते कुठे! ओसरीवर बसताच त्याने दगा पाटलांची, म्हणजे रमिलाच्या बापाची, पुन्हा उलटतपासणीच सुरू केली. पाटील तडक आत निघून गेले.

पाणी घेऊन आलेली रमिला ओठ दाबून हसली.

“जितनं सोडा ना, वकीलसाहेब. एकच इचारा. अखाजीले आमना दोन्ही घरमा आजलानी येगयेगळी घागर भरतस. मंग तो बिचारा पानी पेवाले कोना दारमा जाई?”

“कोणाच्या?”

“तेच तं मले बी ठाऊक नही शे...”

हिलालने तोच प्रश्न दोन्ही घरी नेला आणि या वेळी नुसता ऐकत बसला. दगा पाटील विहिरीबद्दल बोललेच नाहीत. बाप गेल्याचा निरोप बुधाने उशिरा धाडला, मला तोंड पाहू दिलं नाही, हे त्यांचं दुखणं! तिकडे बुधाकाका ढसाढसा रडला. तापीला पूर होता, नाव बंद होती, निरोप पलीकडे जाणार कसा... हे कोर्टात कोणी विचारलंच नव्हतं. हिलालने ते जसंच्या तसं दगा पाटलांच्या कानावर घातलं.

अखाजीच्या सकाळी बुधाकाका घागरीवर ठेवायचं डांगराचं फळ घेऊन थोरल्या भावाच्या दारात आला. एकमेकांशी न बोलताच दोघांनी मिळून एकच घागर भरली. अपिलाचा विषय तिथेच संपला.

दुपारी रमिला झोक्यावर होती. हिलालने दोर धरला.

“कोट कोठे शे?” तिने विचारलं.

“खुटीवर. आते भांडनं लढावानं नही, मिटाडानं.” वकिलाच्या तोंडी घरची बोली आली होती. “पन एकटाले जमाव नही मले... तू येशी?”

“मले तुमी आवडतस...” रमिला हळूच म्हणाली. “पन बाले इचारा.”

त्याने विचारलं. ओसरीवर बुधाकाकाशेजारी बसलेल्या दगा पाटलांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला.

“तुमीन मले खोटा पाडं,” ते म्हणाले.

“हा. चुकनू मी.”

“मंग लगीनना मंडप मन्हा आंगनमा पडी.”

“तुन्हा कसाले?” बुधाकाका उसळला. “आंगन मन्हं मोठं शे!”

“पोर मन्ही शे!”

दोघांची चांगलीच जुंपली. हिलालने समेटासाठी तोंड उघडलं, तोच रमिलाने त्याची बाही ओढली.

“भांडू द्या त्यास्ले,” ती डोळे पुसत म्हणाली. “इतला वरीसमा पहिल्यांदा एकमेकसंगे बोली ऱ्हायनात.”