ऋत्विकच्या घड्याळातले दहा

"ओ चष्मेवाले, बाजूले व्हा! औषध अंगावर येईन नं!"

मी ओरडले तेव्हा माझा ड्रोन उकंडरावांच्या तुरीवर फवारत होता आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक उंच मुलगा काळा कागदी चष्मा लावून, तोंड वर करून उभा होता. ड्रोनकडे बघत नव्हता हं... थेट सूर्याकडे! मला वाटलं, हा गेला कामातून.

ड्रोन उतरवून मी तणतणत त्याच्यापाशी गेले.

"काय पाहून राह्यले?"

"सूर्यावरचे डाग."

"काऊन? माणसाइचे पुरले नाई का तुमाले?"

त्याने चष्मा काढला आणि इतकं मनापासून हसला की माझा राग अर्ध्यावरच अडकला. डोळे... जाऊ द्या, डोळ्यांचं नाहीच सांगत.

हा ऋत्विक. उकंडरावांचा भाचा, धामणगाव बढेचा. पुण्यात संशोधन करतो. दिवाळीची सुट्टी संपत आली तरी त्याचा मुक्काम आमच्या वरवट बकालात, मामाकडे. सूर्यातून स्फोट होऊन तप्त वायूचे झोत सुटतात, ते पृथ्वीवर कधी धडकतील याचं गणित तो संगणकावर मांडतो.

"धडकले तं काय होते?" मी विचारलं.

"उपग्रहाचे सिग्नल डळमळतात. तुमच्या ड्रोनले समजतच नाही, आपण कुठं हाओत ते."

मी वळून ड्रोनकडे पाहिलं. हा ड्रोन आमच्या बचत गटाचा. 'बायांचा ड्रोन' म्हणून गाव हसायचं, दिवाळीपर्यंत विहिरीत जाईल म्हणायचं. गटाच्या अध्यक्ष सुभद्राबाईंना मी शब्द दिला होता, पडू देणार नाही. पडला असता तर पुन्हा कुणी माझ्या हातात रिमोट दिला नसता.

मग तो रोजच यायला लागला. तुरीवरची अळी बघायला, म्हणे! अळी कुठल्या पानावर असते तेही त्याला ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी आम्ही शेताच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे निघालो. तूर डोक्यापेक्षा उंच, पिवळ्या फुलांनी लगडलेली. मी पुढे, दोन्ही हातांनी फांद्या सारत. तो मागे... आणि धाडकन माझ्यावर आदळला.

"हळू नं, ऋत्विक!"

"तूच वाट मोकळी करून राह्यली पुष्पांजली, मले अडवाले काहीच—"

तो थांबला. त्याचा हात माझ्या खांद्यावर तसाच होता. डोळे माझ्या डोळ्यांत. छाती अशी धडधडत होती की त्याला ऐकू जाईल, असं वाटलं. आता बोलेल... आता...

"पहिला झोत!" तो किंचाळला.

"काय?"

"परवा एक स्फोट झाला, काल दुसरा! पहिल्यानं वाट साफ केली. दुसऱ्याले अडवाले कोणीच नाही, तो लवकर येईन! माह्या गणितात हे नव्हतंच!"

आणि पळाला. चांगलं नेट हवं म्हणून थेट धामणगावला. मी आपली केसांत तुरीची फुलं घेऊन तिथेच उभी!

संध्याकाळी निरोप आला. 'उद्या दहा वाजता धडकेल, दोन तास मागेपुढे. ड्रोन उडवू नकोस.' पाठोपाठ दुसरा, 'काळजी घे.' दुसरा मी सात वेळा वाचला.

सकाळी मी फवारणी थांबवली. दहा वाजले, अकरा, बारा. काही नाही! आभाळ स्वच्छ, मोबाइलवरचा नकाशा ठणठणीत.

"सूर्याची धमकी आली व्हती म्हणे ड्रोनले," कुणीतरी खिदळलं. सुभद्राबाईंनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं, तेच जास्त लागलं. मी फोनचा आवाज बंद करून तो पिशवीत कोंबला.

तीन वाजता उकंडराव म्हणाले, "पोरी, अळी काही थांबत नाही बरं."

मग मीही चिडले. सरळ ड्रोन उडवला. दोन फेऱ्या छान झाल्या. तिसरीला पांदणीतून धुरळा उडवत मोटारसायकल आली. वर ऋत्विक, केस मातीने पांढरे.

"खाली घे! दहा म्हणजे जगाचे दहा! आपले साडेतीन!"

त्याचं सगळं गणित जागतिक वेळेत चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. घाईत या शहाण्याने तोच आकडा मला पाठवला! सूर्याच्या वाटेवरच्या उपग्रहाला झोत लागल्याचं दिसलं, तेव्हा संगणकावर नऊ होते आणि भिंतीवरच्या घड्याळात अडीच; तेव्हा कुठे चूक कळली. मग त्याने मला अकरा फोन केले आणि सुटला.

तेवढ्यात ड्रोन हेलकावला. रिमोटच्या पडद्यावरचा ठिपका उड्या मारायला लागला, आणि ड्रोन सरळ विहिरीकडे!

मी उपग्रहाचा आधार बंद केला. आता फक्त माझे डोळे आणि माझी बोटं. ऋत्विक मागे श्वास रोखून उभा. डावीकडे... थोडा अजून... खाली. विहिरीच्या काठापासून दोन हातांवर ड्रोन टेकला.

सुभद्राबाईंनी ड्रोनवरून हात फिरवला. मग जमलेल्या गावाकडे वळून म्हणाल्या, "पाह्यलं? नाही पडू देला पोरीनं."

आणि ऋत्विक? तो फोन बघत धुऱ्यावर नाचत होता! "पुष्पांजली, तू चालली नसती तुरीतून तं मी उद्याचीच वेळ सांगतली असती! आपला अंदाज बरोबर आला!"

आपला म्हणाला. मी ऐकलं बरं का.

मग एकदम फोन खिशात घातला. कानांपर्यंत लाल. "अजून एक सांगाचं व्हतं तुले... उद्या सांगतो. दहा वाजता."

मी मनगटावर पाहिलं. तीन चाळीस.

"तुह्या घड्याळात दहा वाजून गेले, ऋत्विक. आत्ताच सांग."

त्याने मामाकडे पाहिलं, सुभद्राबाईंकडे पाहिलं, आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं—"मले तू आवडतं. लय आवडतं. लग्न करशीन माह्यासंग?"

"हाव," मी म्हटलं. "पण मुहूर्त मी काढीन. तुह्या भरवशावर राह्यलो तं वऱ्हाड साडेपाच तास उपाशी बसन!"